मस्कतचा डबा

मला मस्कतला पाठवलं ते माझ्या वडिलांनी. मी आपली टांझानियाला चालले होते.

हे मला कळलं ते आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात. तारोडीचं शिबिर संपवून, खांद्यावर जडशीळ पिशवी आणि साडीला सुक्या बोंबलांचा वास घेऊन मी वर चढत होते. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी दार उघडून माझा हातच धरला. मस्कतला चालली आणि आम्हाला बोलली पण नाही, असं म्हणून त्यांनी येताना सेंटची बाटली आणायला सांगितली. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. तिथल्या पगारावर टॅक्स नसतो, ही माहिती त्यांनी दिली आणि काकांनी पोरीला बरोबर मार्गाला लावली म्हणून बाबांचं कौतुकही केलं. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दारापाशी पोचेपर्यंत मला अरबाचं हॉस्पिटल, राहायला फ्लॅट आणि जायला-यायला एसी गाडी मिळाली होती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात नर्स होते. बिल्डिंगमध्ये मला कोणी नावानं हाक मारत नसे, लहानथोर सगळे सिस्टर म्हणत. परळची खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा इथं अर्ध्या इमारतींना रंग नव्हता आणि रस्त्याला रस्ता म्हणवत नव्हतं. आलो आणि वर्षभरात बाबांची कंपनी बंद पडली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून घर माझ्या पगारावर चाललं. आठ वर्षं मी नाइट ड्यूट्या केल्या, धाकट्या भावाला शिकवलं, आणि तो एकदाचा नोकरीला लागला तेव्हा मी ठरवलं की आता दोन वर्षं माझी.

परदेशात स्वयंसेवक पाठवणारी एक संस्था होती. जेवण, राहणं आणि वरखर्चाला थोडंसं, बस. पगार नाही. टांझानियातल्या एका आडगावात त्यांचा दवाखाना होता, शाळा होती आणि सतत बंद पडणारे पाण्याचे पंप होते. तिथं त्यांना एक नर्स हवी होती. मी मुलाखत दिली, निवडले गेले, हॉस्पिटलातून बिनपगारी रजा काढली आणि मग घरी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आईनं पुढची पोळी लाटायला घेतली. बाबा मात्र पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजायला चाललीस," ते म्हणाले. "फुकट काम करायला आपल्याला परवडतं का? ते श्रीमंतांनी करायचं. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खाऊन उरलंय त्यांनी."

मी म्हटलं, सगळ्या बिल्डिंगला मी इंजेक्शनं देते, पोरांचे टाके काढते, सेक्रेटरींच्या आईची जखम तीन महिने धुतली, तेव्हा तर तुम्हीच सांगायचात, छे छे, पैसे कसले देता. ते परवडत होतं वाटतं? त्यावर त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. त्या दिवसापासून आमच्यात त्या विषयावर बोलणं बंद झालं. मला वाटलं, गप्प आहेत म्हणजे पचलं. पचलं कसलं! मी तारोडीला गेले आणि इकडे यांनी मला मस्कतला धाडून दिलं.

तारोडीत समुद्राकाठी एका ख्रिस्ती कुटुंबाचा जुना बंगला होता. तो संस्थेला शिबिरापुरता मिळायचा. खाली किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असायचे, आणि वारा फिरला की आमच्या चहालासुद्धा त्यांचा वास. आमच्या तुकडीत आम्ही तिघंच होतो. मी पोचले तेव्हा पहिले मला दिसले ते दोन पाय. बाकीचा माणूस बंगल्याच्या पाण्याच्या टाकीखाली होता. तो मेकॅनिक. आमच्याच मीरा रोडला हाटकेशच्या एका गाळ्यात मोटारी आणि पंप दुरुस्त करायचा आणि राहायला नया नगरात. कोणी सांगितलं नव्हतं तरी आल्या आल्या त्यानं पंप खोलला होता, आणि मग संध्याकाळपर्यंत बंगल्याला पाणी नव्हतं. दुसऱ्या होत्या मास्तरीणबाई. भाईंदरच्या जुन्या जमीनवाल्या घरातल्या. एके काळी त्यांची भातशेती होती, मिठागरं होती. नवरा लवकर गेलेला, मुलगी सासरी, वय पंचेचाळीसच्या पुढे. त्या रिक्षातून उतरल्या त्या तांदळाची गोणी घेऊनच. दुसऱ्याच्या तांदळावर त्यांचा विश्वास नव्हता.

शिबिर घ्यायला संस्थेच्या ताई होत्या. केस पांढरे आणि आखूड, आवाज घोगरा, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण पोस्टात चुकीच्या खिडकीवर उभे आहोत. त्यांची शिकवायची पद्धतही उफराटी. ज्याचं जे काम ते त्यानं करायचं नाही. मला पंप खोलून जोडायला लावला. मेकॅनिकला गावातली पोरं जमवून बेरीज-वजाबाकी शिकवायला लावली. मास्तरीणबाईंना बँडेज बांधायला लावलं. माझा पंप जोडून झाल्यावर मूठभर नटबोल्ट उरले. मास्तरीणबाईंनी मेकॅनिकचा हात इतका आवळून बांधला की त्याची बोटं निळी पडायला लागली, आणि तो बिचारा "टीचर, हात माझाच हाय, परत लागेल मला," म्हणत बसला. आम्ही हसून हसून बेजार झालो. पण तिथं गेल्यावर आपल्यातला एक आजारी पडला की दोघांनी तिघांचं काम ओढायचंय, हे ताईंनी भाषण न देता आमच्या डोक्यात घातलं. तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांना शिव्या घालण्याइतके ओळखीचे झालो.

शेवटच्या दिवशी ताईंनी जेवणाचा नियम सांगितला. निघण्याआधी प्रत्येकानं बाकीच्यांना आपल्या घरी जेवायला बोलवायचं. घरच्यांनी रांधायचं, घरच्यांनी वाढायचं. आणि घरातल्या मोठ्या माणसानं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत सांगायचं की आपलं माणूस कुठं चाललंय, कशाला आणि कशावर. ते सांगितलं नाही तर तिकीट रद्द.

मी लगेच फणा काढला. म्हटलं, अठ्ठावीस वर्षांच्या बाईनं बापाची परवानगी आणायची का?

"परवानगी कोण मागतंय?" ताई म्हणाल्या. "त्यांनी नाराज राहावं, खुशाल शिव्या द्याव्यात. फक्त खरं बोलावं."

मग त्यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली. तो घरी पगाराची नोकरी म्हणून सांगून गेला होता. घरच्यांनीही गावभर तेच केलं. सहा-सात महिन्यांत लोक विचारायला लागले, पैसे कुठायत, घर कधी बांधताय. त्या खोट्याच्या ओझ्याखाली बापानं अंथरूण धरलं आणि पोराला अर्ध्यातून परत यावं लागलं. तिकडे दवाखाना बंद पडला. ताई म्हणाल्या, पगाराशिवाय माणूस राहू शकतो, पण घरी खोटं ठेवून परक्या देशात राहू शकत नाही.

मी मनात म्हटलं, आमच्याकडे ती भानगड नाही. आमचे बाबा चिडलेत, पण खोटं काही बोलायचे नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात मला मस्कत भेटलं.

घरात शिरल्या शिरल्या मी विचारलं, हे काय चालवलंय? बाबा शांतपणे म्हणाले, लोक विचारत होते, काहीतरी सांगायला पाहिजे. मी म्हटलं, मग खरं सांगायचं. ते म्हणाले, खरं सांगून आपलं हसं करून घेऊ? उद्या लोक म्हणतील, पोरीचं लग्न जमत नाही म्हणून जोगीण करून पाठवली. मस्कत म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही. मी नियम सांगितला. रविवारी तुम्हाला सगळ्यांसमोर खरं सांगावं लागेल, नाहीतर माझं तिकीट रद्द होईल, हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला ते लख्ख कळलं. त्यांना घरबसल्या उपाय सापडला होता. तोंड बंद ठेवलं की झालं.

पहिलं जेवण मास्तरीणबाईंकडे झालं. तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीतल्या कोलंबीचं कालवण. मेकॅनिकनं इतकं खाल्लं की त्याला भिंतीला टेकवून बसवावं लागलं. त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, आणि सगळी आळी अंगणात जमलेली. म्हातारीनं सुनेकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जा गो बाय. हितं तुज्याबिगर कोनाचं अडलं न्हाय. तिथं पोरांचं अडलं हाय, त जा." त्यावर मास्तरीणबाई रडल्या आणि रागावल्यासुद्धा, अडलं न्हाय कसं, म्हणून. दुसरं जेवण नया नगरात. मेकॅनिकची अम्मी बिर्याणी वाढता वाढता शेजारणीला म्हणाली, मेरा बेटा पंप ठीक करने जा रहा है, दुबई नहीं, अफ्रीका, जिसको हँसना है अभी हँस ले. शेजारीण हसलीच. अम्मीनं तिच्याही ताटात वाढलं.

आता उरलं आमचं घर.

शनिवारी संध्याकाळी आई अळूची पानं निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "समोरच्या भाभीनं डबा दिलाय. कपाटावर ठेवलाय तुझ्या बाबांनी."

मी म्हटलं, कसला डबा?

"मस्कतला न्यायचा. मी काही बोललेले नाही हो."

समोरच्या ब्लॉकमधली भाभी रत्नागिरीकडची. तिचा नवरा मस्कतला ड्रायव्हर होता. दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा. त्या काळी कोणी आखातात निघालं की त्याच्या बॅगेवर सगळ्या ओळखीपाळखीचा हक्क असायचा. लोणचं, मसाला, पापड, मुलांचे फोटो, जे जाईल ते द्यायचं आणि नेणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. ती रीतच होती. मी कपाटावरून डबा खाली काढला. गोल स्टीलचा, जुन्या पांढऱ्या कापडात शिवलेला, त्यावर शाईनं नवऱ्याचा पत्ता. हलवला तर आत काहीतरी कडक खडखडलं.

"कॅसेट आहे," आई म्हणाली. "त्यांची धाकटी बोलायला लागलीय ना. त्यानं आवाज ऐकलेला नाही तिचा. फोनवर ती बोलतच नाही, लाजते."

मी डबा घेऊन बाबांच्या समोर उभी राहिले. हा तुम्ही घेतलात? ते म्हणाले, ती द्यायला आली, मी काय सांगणार होतो? बघू, पोस्टानं पाठवू नंतर. पोस्टानं! मी म्हटलं, उद्या तुम्ही बोला नाहीतर मी बोलते. ते म्हणाले, तू बोलून काय उपयोग, तुमच्या त्या बाईंना माझ्या तोंडून ऐकायचंय ना? आणि हसले. आयुष्यात मला त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता. मी आईला म्हटलं, तुझा नवरा महाबिलंदर आहे. आई म्हणाली, हे तू मला सांगतेस?

रविवारी दुपारी ताई, मास्तरीणबाई आणि मेकॅनिक, तिघेही आले. आईनं वालाचं बिरडं, अळूवडी, मसालेभात आणि श्रीखंड असा बेत केला होता. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते यजमान म्हणून एकदम फक्कड होते. मास्तरीणबाईंशी मिठागरांच्या गप्पा मारल्या, मेकॅनिकला त्याच्या धंद्याचं विचारलं, ताईंना आग्रह करून करून वाढलं. तेवढा एक विषय सोडून जगातलं सगळं बोलले. दार रोजच्यासारखं उघडं होतं आणि येणारेजाणारे डोकावत होते. गुजराती काकी येऊन बसल्या होत्या. सेक्रेटरीही अळूवडी खायला म्हणून आले होते. त्यांनी मेकॅनिकला विचारलं, तुम्हीपण मस्कत काय? मेकॅनिकनं माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. बाबा घाईनं म्हणाले, श्रीखंड वाढू का? ताईंनी हातातला घास खाली ठेवला.

तेवढ्यात दारात भाभी आली. कडेवर धाकटी. पाहुणे बघून अडखळली, पण आलीच आत.

"सिस्टर, एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "त्यांना सांगा, कॅसेटची दुसरी बाजू आधी लावा. त्यात ही बोलते, गाणं म्हणते. पहिल्या बाजूला मी रडलेय. ती नंतर ऐकली तरी चालेल."

बाबांच्या हातात श्रीखंडाचं भांडं तसंच राहिलं. मी उष्ट्या हातानं उठले.

"भाभी, मी मस्कतला जात नाहीये," मी म्हटलं. "मी आफ्रिकेत चाललेय. टांझानियाला. तिथं मला पगार नाही. डबा तुमचा तुम्ही घेऊन जा."

भाभीला काही समजेना. ती बाबांकडे बघून म्हणाली, काका तर म्हणाले... सेक्रेटरींनी अळूवडी चावायची थांबवली. मी कपाटावरून डबा काढून तिच्या हातात दिला. ती पोरगी डब्यावर हात आपटून "अब्बा, अब्बा" म्हणायला लागली. एवढा वेळ गप्प बसलेली पोर, तिला नेमकं तेव्हाच बोलायचं होतं.

ताईंनी बाबांना साध्या आवाजात विचारलं, तुम्हाला हिनं सांगितलं नव्हतं का?

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. माझ्या आठवणीत ते पाहुण्यांसमोर असे कधी बोलले नव्हते. "कंपनी बंद पडली तेव्हा माझा मेव्हणा दर महिन्याला घरी गव्हाचं पोतं टाकून जायचा. सेवा म्हणायचा. सेवा! चार लोकांत सांगायचा. मी खाली मान घालून दळण आणायला जायचो. करणाऱ्याची मान वर असते हो ताई, घेणाऱ्याची विचारा. पहिल्यांदा आमच्या घरात कोणाची मान वर झाली ती हिच्या पगारानं. आणि ही तो पगार टाकून चाललीय."

मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी संतापही आला. मी दोन्ही लपवलं नाही.

"त्या पगारासाठी आठ वर्षं मी रात्री जागले, बाबा. तुमची मान वर राहावी म्हणून जागले आणि कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. पण माझ्या पगारावरच उभी असेल तर ती मान तुमची कशी?"

बोलून गेले. परत घ्यावंसं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाबांनी भांडं खाली ठेवलं, चपला अडकवल्या आणि जिना उतरून गेले. आईनं ते भांडं उचललं आणि उरलेलं श्रीखंड सगळ्यांना वाढलं. सेक्रेटरींनासुद्धा.

भाभी अजून डबा घेऊन तिथंच उभी होती. मेकॅनिक हात धुऊन आला आणि तिला म्हणाला, टेन्शन नका घेऊ भाभी, माझा चुलतभाऊ पुढच्या आठवड्यात मस्कतला जातोय, तो नेईल. तिनं जरा वेळ त्याच्याकडे पारखून पाहिलं. मग डबा दिला आणि दुसरी बाजू आधी लावायचं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. तिचा राग रास्त होता.

ताई निघताना दारात थांबल्या. मी म्हटलं, आता कळलंय ना सगळ्यांना, मग झालं की. त्या म्हणाल्या, "तू सांगून काय उपयोग? तुला लाज वाटतच नाहीये. ज्याला वाटतेय त्यानं सांगायला पाहिजे. शनिवारी निघायचंय. सकाळी आम्ही जीप घेऊन येतो. तोवर बघ." मास्तरीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि कानात म्हणाल्या, तुज्याबिगर मी जानार न्हाय. एरवी त्या शाळेतलं मराठी बोलत. मी म्हटलं, गप्प बसा, तुम्ही जाणार आणि मीही येणार.

तो आठवडा मी घरात रान पेटवलं. माझी बॅग भरून हॉलच्या मधोमध ठेवली. बाबांना बाथरूमला जाताना तिला वळसा घालून जावं लागे, आणि ते मुकाट्यानं वळसा घालत. मी बिल्डिंगभर दारोदार जाऊन आफ्रिका, टांझानिया, पगार नाही, असं सांगून आले. तोंडावर सगळे वा वा म्हणाले. पाठीमागे जे बोलले तेही जिन्यात ऐकू आलंच. कुणी म्हणालं, मिशनऱ्यांनी फूस लावली. कुणी म्हणालं, हॉस्पिटलात काहीतरी लफडं झालं असणार. बाबा दूध आणायला गेले की लोक मुद्दाम विचारायचे, काय काका, मस्कतची तयारी कुठवर? ते बधिर झाल्यासारखे पिशवी घेऊन वर यायचे. भाऊ म्हणाला, अगं, जाऊ दे ना, पुढच्या वर्षी बघ. मी म्हटलं, तुला शिकवलं ते हे ऐकायला नाही.

शुक्रवारी रात्री मी आईला सांगून टाकलं, ते बोलले नाहीत तरी उद्या जीपमध्ये बसणार. ताईंनी उतरवलं तर तिथंच रस्त्यावर बसेन. आई म्हणाली, "बस. मी डबा आणून देईन." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "ते झोपलेले नाहीत. ऐकतायत."

शनिवारी टँकरचा दिवस होता. मीरा रोडला तेव्हा नळाला पाणी म्हणजे अफवा. टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या, हंडे, कळश्या घेऊन खाली उतरायची, आणि बायकापुरुष, गुजराती, मद्रासी, आम्ही, सगळे एका रांगेत. बाबा पहाटेच जाऊन नंबर लावत. त्या दिवशीही ते रांगेत होते, लेंगा दुमडून, दोन बादल्या घेऊन. मी बॅग घेऊन खाली आले. आईनं वरच माझ्या हातावर दही घातलं होतं, ते मी चाटलं होतं. येते म्हटलं होतं. जाते म्हणायचं नसतं.

जीप टँकरच्या मागेच उभी राहिली होती, पुढं जायला वाटच नव्हती. आत मेकॅनिक आणि मास्तरीणबाई. ताई खाली उतरून बॉनेटला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नंतर बाबांकडे. मी बॅग तिथंच जमिनीवर ठेवली आणि बॅगेवर बसले. म्हटलं, आता हलवून दाखवा मला.

पाइप बाबांच्या हातात आला. मागे सेक्रेटरी होते. त्यांना आयती संधी. मोठ्यानं म्हणाले, "काय काका, निघाली वाटतं सिस्टर? मस्कतला?"

रांगेतले दोघेतिघे हसले. पाचव्या-सहाव्या नंबरावर भाभी उभी होती, ती हसली नाही. बाबांनी बादलीत पाइप सोडला आणि पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, संपलं. बादली अर्धी भरली तशी त्यांनी मान वर केली.

"मस्कत नाही," ते म्हणाले. आवाज फाटका होता. त्यांनी खाकरून तो साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली, आता एवढ्या मोठ्यानं की वरच्या गॅलऱ्यांतल्या बायका वाकून बघायला लागल्या. "मस्कत मी खोटं सांगितलं होतं. ती आफ्रिकेत चाललीय. टांझानियाला, दवाखान्यात. दोन वर्षं. फुकट."

"फुकट?" सेक्रेटरी म्हणाले.

"फुकट," बाबा म्हणाले. "आम्हाला परवडतं."

बादली भरून वाहायला लागली होती. मागून कोणीतरी ओरडलं, काका, पाणी चाललंय, पुढं सरका. बाबांनी भरलेली बादली बाजूला ओढली आणि दुसरी लावली.

"माझी अजून एक आहे," ते म्हणाले. "नंबर माझा आहे."

ताईंनी जीपचं मागचं दार उघडलं.